कुठले मोरे?

१

अंगठी चोरीला गेली तेव्हा विमान जपानला निघून तीन तास झाले होते आणि ते अजून अंधेरीतच होतं.

सकाळी दारं लागली, सगळ्यांनी पट्टे बांधले, विमान धावपट्टीकडे निघालं आणि मध्येच एका कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं. तांत्रिक कारण, असं वैमानिकाने सांगितलं. हे दोन शब्द ऐकले की माणूस आदराने गप्प बसतो. खिडकीबाहेर विमानतळाची भिंत होती, भिंतीपलीकडे जरीमरीच्या वस्तीवरच्या निळ्या ताडपत्र्या होत्या आणि पाण्याच्या एका टाकीवर एक कावळा बसला होता. आत मात्र फर्स्ट क्लास होता. एवढ्या अवाढव्य विमानात त्याच्या चारच खुर्च्या. प्रत्येकीला स्वतःच्या भिंती, सरकतं दार, समोर पाय ठेवायला गादीचं स्टूल. मोऱ्यांचा पहिला संसार कुर्ल्याच्या ज्या खोलीत झाला तिचं दार याहून पातळ होतं.

संघमित्राबाई मोऱ्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली होती. जळालेली गोदामं, बुडालेले ट्रक, मेलेली आणि नंतर बाजारात भाजी घेताना सापडलेली माणसं. आता निवृत्त होऊन मुलुंडला त्या सुखात होत्या, तरी कुणी 'माझं अमुक गेलं' म्हटलं की त्यांचे कान आपोआप टवकारत. त्यांचे यजमान मोरेसर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. सकाळपासून ते गरम टॉवेलपासून मिठाच्या डबीपर्यंत प्रत्येक वस्तूचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकत होते. ग्रुपवरून दर थोड्या वेळाने विचारणा येई, "कुठपर्यंत पोचलात?" सर इमानदारीत उत्तर देत, "अंधेरी."

"माझी अंगठी."

आवाज पहिल्या खुर्चीतून आला. तिथे चंद्रप्रकाश धुरी उभे होते. घाटकोपरला जुन्या चाळी पाडून टॉवर बांधणारे. अंगात विमानकंपनीने दिलेला राखाडी पायजमा-सदरा, आणि उजव्या हाताची तर्जनी वर, रिकामी.

"बाथरूममध्ये हात धुवायला काढली, बेसिनजवळ ठेवली आणि विसरलो. माझ्यानंतर आत हे गेले होते." तर्जनी खाली आली आणि मोरेसरांवर थांबली. "यांची पिशवी बघा."

केबिनची मुख्य परिचारिका शर्मिष्ठा मध्ये आली. सर, असं करता येत नाही सर, आपण आधी बाथरूम बघू सर. बाथरूम बघितलं. अंगठी नव्हती. चौथ्या खुर्चीतले जपानी गृहस्थ डोळ्यांवर पट्टी लावून, जपानला पोचल्यासारखे झोपले होते. त्यांना उठवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

"बघू दे की," मोरेसर म्हणाले. "पिशवीत लाडू आहेत, लपवण्यासारखं काय आहे?"

त्यांनी स्वतःच पिशवी उघडली. डिंकाच्या लाडवांचा डबा काढला. शाल काढली. मग खालचं पांढरं दुपटं काढलं. संघमित्राबाईंनी आपल्या जुन्या सुती साडीचं, जन्माला यायच्या नातवंडासाठी शिवलेलं. सरांनी ते झटकलं आणि त्यातून सोन्याची, पिवळ्या खड्याची एक जाडजूड अंगठी गालिच्यावर पडली.

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर गेल्या. संघमित्राबाईंचं लक्ष मात्र अंगठीकडे नव्हतं. दुपट्याच्या घडीत लाल ठिपके दिसत होते. आधी त्यांना रक्त वाटलं. वाकून पाहिलं तर तांदूळ होते, चार-पाच दाणे, कुंकू लागलेले. बाईंनी ते दुपटं नवऱ्याच्या हातून घेतलं आणि शांतपणे त्याची घडी घातली, दाणे आत ठेवून.

नोकरीने त्यांना एक सवय लावली होती. पुरावा सापडला की आधी त्याची घडी घालायची, आरडाओरडा नंतर.

२

"मी पोलिसात देत नाही," धुरी म्हणाले. "वय झालंय माणसाचं, मोह झाला असेल. मन मोठं आहे माझं. फक्त यांना उतरवा."

"मी नाही घेतली," मोरेसर म्हणाले. ते एवढ्या हळू बोलले की बाईंच्या कानशिलात काहीतरी तडतडलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस भाजीवाल्याने जास्त परत दिलेले पैसे द्यायला पुन्हा जिना उतरून गेला होता.

शर्मिष्ठा कॅप्टनशी बोलून आली. तिचा चेहरा उतरला होता. "मॅडम, धुरीसरांनी लेखी तक्रार दिली तर तुम्हाला उतरावं लागेल. शिडी मागवलीये."

"आणि शिडी कधी येईल?"

"सांगता येत नाही मॅडम. तांत्रिक कारण आहे."

उतरायचं म्हणजे काय, ते बाईंना नीट ठाऊक होतं. रश्मी, त्यांची एकुलती एक मुलगी, योकोहामाला. परवा सकाळी तिचं सिझेरियन. जावई प्रबुद्ध एकटा. दोघांनी कामाच्या फिरतीवर साठवलेले सगळे पॉइंट आईबाबांच्या या दोन खुर्च्यांवर उधळले होते, आणि नाताळच्या गर्दीत पुढचा आठवडाभर दुसरी जागा नव्हती. "आई, मला आत नेतील तेव्हा तू दाराबाहेर असशील ना?" रश्मीने विचारलं होतं, आणि बाईंनी हो म्हटलं होतं.

त्या आपल्या खुर्चीत बसल्या आणि सकाळ पुन्हा मनातल्या मनात चालवून पाहू लागल्या.

चढल्याचढल्या शर्मिष्ठाने गरम टॉवेल दिले. धुऱ्यांनी हात पुसले, तर्जनी वर केली आणि सगळ्या केबिनला ऐकू जाईल असं सांगितलं, "पुष्कराज. गुरुजींनी स्वतः घातलाय. तेव्हापासून बोटातून उतरला नाही. आंघोळीला नाही, मसाजला नाही, मंत्रालयात नाही."

मग ते कोट सावरत मोरेसरांकडे आले आणि समोरच्या स्टुलावर बसले.

"पहिल्यांदाच का काका?"

"पहिल्यांदाच."

"कळतं ते. आडनाव काय म्हणालात?"

"म्हणालो नाही अजून. मोरे."

"कुठले मोरे?"

"मुलुंडचे."

"तसं नाही हो. मूळचे. गाव, देवक, काहीतरी असेल ना."

"मुलुंड पूर्व," मोरेसर म्हणाले.

धुरी हसले, पण हसताना डोळे हसण्यात सामील झाले नाहीत. मग मूळ काम निघालं. त्यांच्या मिसेस मागे बिझनेस क्लासमध्ये बसल्या होत्या. पुढे एकच खुर्ची मिळाली होती. काकांनी मागे जावं, मिसेस पुढे येतील. "तुमचं तिकीट पॉइंटवरचं. तुम्हाला इथे काय नि तिथे काय."

"मुलीने बसवलंय," सर म्हणाले. "ती विचारेल, खुर्ची कशी होती. मी काय सांगू?"

"म्हणजे नाही म्हणताय?"

"नाही म्हणतोय."

धुरी उठले. पुढे उशीर जाहीर झाला, पायजमे वाटले गेले. आधी धुरी बदलून आले, मग मोरेसर गेले. जाताना कुरकुरत होते, "याला खिसाच नाही. चष्मा कुठे ठेवू?" ते आत असताना त्यांच्या खुर्चीपाशी चार माणसं येऊन गेली. धुऱ्यांचा पुतण्या नितेश, मागून आलेला, चार्जर शोधत. धुऱ्यांच्या मिसेस जान्हवी, नवऱ्याच्या गोळ्या घेऊन. त्या कुतूहलाने आत डोकावल्या होत्या. स्वतः धुरी, "काकांना सॉरी म्हणायला आलो" म्हणत स्टुलावर टेकले आणि सर नाहीत म्हणून उठले. आणि शर्मिष्ठा, जिने स्टुलावरची पिशवी उचलून कोपऱ्यात ठेवली.

समोरच्या खुर्चीतून, अर्ध्या उघड्या दारातून, बाईंनी चौघांनाही पाहिलं होतं. पण पाहिल्या होत्या त्या चार पाठी. हात एकाचाही दिसला नव्हता.

त्यांना कोण वाटत होतं हे सांगायला नकोच. पण वाटण्यावर त्यांनी उभ्या नोकरीत एकही दावा नाकारला नव्हता.

"शर्मिष्ठा," बाई म्हणाल्या, "शिडी येईपर्यंत पॅसेंजरने पॅसेंजरशी बोलू नये असा काही नियम आहे?"

"नाही मॅडम."

"मग मी जरा बोलून येते."

३

नितेश पडद्यामागे उभा राहून फोनवर कुणाला तरी 'भाई, वाट लागलीये' असं सांगत होता. बाईंना पाहून त्याने फोन ठेवला.

"काकी, एक बोलू? सेटल करून टाका ना. उतरा, उद्याचं तिकीट काका देतील. मी बोलतो त्यांच्याशी."

"चोराला तिकीट देतात होय तुझे काका?"

नितेश गोंधळला. पंचविशीचा पोरगा, केस झकास, पण डोळ्यांखाली काळं. "तसं नाही. त्यांना फक्त 'नाही' ऐकायची सवय नाही. सकाळपासून माझी घेतायत, तीन सीटा पुढच्या का नाही काढल्या म्हणून. असल्याच तर काढणार ना यार. मी चार्जर मागायला गेलो तर म्हणाले, तो म्हातारा उठतो की नाही बघ आता."

"असं म्हणाले?"

"म्हणजे तसं नाही. बोलायची पद्धत आहे त्यांची. घाटकोपरला पण एक बाई होती. सुहासिनीताई. रूम सोडत नव्हती. मग तिच्या पिठाच्या डब्यात..."

तो थांबला.

"पिठाच्या डब्यात काय?"

"काही नाही," नितेश म्हणाला. "पीठ."

त्याने नजर खाली केली आणि चार्जरची वायर बोटाभोवती गुंडाळत बसला.

शर्मिष्ठा चहाच्या ओट्यापाशी उभी होती, दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून.

"तू घाबरलीयेस."

"पिशवी मी उचलली होती मॅडम. उद्या हे माझ्यावरही येईल. आमच्यात चौकशी लागली की आधी घरी बसवतात, मग चौकशी करतात." ती मुंबईच्या साध्या मराठीत बोलू लागली होती. "मी नाही काही केलं."

"मला एवढंच सांग. धुऱ्यांचा कोट तू कधी घेतलास?"

"कोट आम्ही चढल्याचढल्याच घेतो. त्यांनी दिला नाही. पायजमा घातला तरी नाही. वर कोट, खाली पायजमा, असेच बसले होते. मी दोनदा मागितला."

"मग?"

"तुमचे सर बाथरूममधून परत आले. तेव्हा त्यांनी स्वतः उठून माझ्या हातात दिला. मी कपाटात लावला, कपाट बंद केलं, वळले, आणि ते ओरडले, माझी अंगठी."

"मध्ये कपाट कुणी उघडलं?"

"कोणीच नाही. अजूनही बंद आहे."

वर लग्न, खाली झोप, असा तो अवतार बाईंनाही आठवत होता. सकाळी त्याची गंमत वाटली होती. आता त्यांना पायजम्याबद्दल नवऱ्याची कुरकुर आठवली आणि गंमत वाटेनाशी झाली.

खिडकीतून दूरवर एक पिवळी शिडी दिसली. तिच्यावरचा दिवा फिरत होता.

४

जान्हवी धुरी बिझनेस क्लासच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. पन्नाशीच्या, मोठं कुंकू, चेहरा रडून उठल्यासारखा.

"मी काय बोलणार बाई तुमच्याशी," त्या म्हणाल्या. "मलाच लाज वाटतेय. मी मागितलीच नव्हती ती खुर्ची. इथे बरी आहे मी. घोरणं तरी ऐकू येत नाही."

संघमित्राबाई शेजारी टेकल्या. "अंगठीचं राहू दे. मी दुसरंच विचारायला आले. निघताना सासूबाईंनी ओटी भरली असेल ना तुमची?"

जान्हवीबाईंचा चेहरा एकदम सैल झाला. "भरली की. त्यांच्याशिवाय कोण भरणार? सिक्युरिटीवाल्यांनी नारळ काढून घेतला हो. मी त्याला म्हटलं, देवाचा आहे. तो म्हणतो, देवाचाच असतो प्रत्येकाचा."

"आणि तांदूळ?"

"ते कसे टाकणार? आमच्या म्हाताऱ्या बजावून सांगतात, 'ओटयेचे तांदूळ खंय टाकू नको हां गो.' परत येईपर्यंत जपायचे." त्यांनी मांडीवरची चिमुकली पर्स उचलून दाखवली. लिपस्टिक आणि पासपोर्ट यांनीच ती भरली होती. "यात काय मावतंय? खणाची पुरचुंडी केली आणि तिथेच, सिक्युरिटीच्या लायनीत, ह्यांच्या कोटाच्या खिशात कोंबली. ओरडले मला, कोट खराब होतो म्हणून. पुरचुंडी सुटलीच असणार. ह्यांच्या खिशात काही नीट राहत नाही."

"उजव्या की डाव्या?"

"उजव्या." मग त्यांच्या लक्षात आलं की हा प्रश्न ओटीचा नव्हता. "का हो?"

संघमित्राबाईंनी हातातलं दुपटं मांडीवर उलगडलं. पांढऱ्या कापडावर कुंकवाचे पाच दाणे होते.

जान्हवीबाईंनी दाणे ओळखले. मग त्यांच्या तोंडून एवढंच बाहेर पडलं, "सुहासिनी."

५

शिडी लागली, दार उघडलं, अंधेरीची धुरकट हवा फर्स्ट क्लासमध्ये घुसली आणि तिच्यामागून विमानतळ सुरक्षेचा एक अधिकारी आला. त्याने आधी केबिनकडे, मग पायजमेवाल्या माणसांकडे पाहिलं.

"कुणाला उतरायचंय?"

"यांना," धुरी म्हणाले.

"साहेब, एक मिनिट," संघमित्राबाई उठल्या. बोलल्या त्या ऑफिसात बोलत तशाच. दावा नाकारताना आवाज चढवायचा नसतो. समोरच्याला वाटतं, अजून वाव आहे. "धुरीसाहेब, अंगठी तुम्ही बोटातून काढून बेसिनवर ठेवलीत."

"हो."

"जी आंघोळीला उतरत नाही, मंत्रालयात उतरत नाही, ती विमानाच्या बेसिनवर उतरली."

"साबण अडकत होता."

"ठीक. बेसिनवरून ती माझ्या नवऱ्याने उचलली आणि सरळ दुपट्यात ठेवली. मग तिच्याबरोबर हे कुठून आले?" त्यांनी दुपटं अधिकाऱ्यासमोर धरलं. "ओटीचे तांदूळ. विमानाच्या बेसिनवर कुणी ओटी भरत नाही."

धुऱ्यांनी दाणे पाहिले आणि ते हसले. यावेळी डोळेसुद्धा हसले, कारण त्यांना उत्तर सापडलं होतं.

"बाई, हा तुमचा पुरावा? बाईमाणूस परदेशी निघालं की कुठल्या घरात ओटी भरत नाहीत? तुमचीही भरली असेल. तुमचेच तांदूळ, तुमच्याच पिशवीत. साहेब, वेळ घालवतायत या."

अधिकाऱ्यानेही मान हलवली. त्याच्या आईने त्याच्या बहिणीची भरली होती.

संघमित्राबाईंनी दुपटं अधिकाऱ्यासमोरून मागे घेतलं. हा एक क्षण त्यांना जड गेला, तो का जड गेला हे त्या केबिनमध्ये फक्त एका माणसाला कळलं, आणि तो खाली मान घालून चष्मा पुसत होता.

"धुरीसाहेब, सकाळी तुम्ही एक प्रश्न विचारला होतात. कुठले मोरे. यांनी उत्तर दिलं नाही, कारण आम्ही ते देत नाही. आता मी देते. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्या दिवशी घरातले देव निघाले, हळदीकुंकू निघालं, ओटी निघाली. माझ्या लग्नात कुणी माझी ओटी भरली नाही, मुलीच्या लग्नात मी तिची भरली नाही. तांदूळ आमच्या घरात असतो. कुंकवातला नसतो. समजलं, कुठले?"

धुऱ्यांनी एकदा मोरेसरांकडे पाहिलं.

"तुम्ही सगळं चौकशी करून करता म्हणे," बाई पुढे म्हणाल्या. "चाळ कुणाची, भाडेकरू कोण, कुणाचं कोण आहे. आमची मात्र अर्धीच केलीत. यांनी 'मुलुंडचे' म्हटल्यावर तुम्ही आम्हाला तुमच्यातलेच धरून चाललात. म्हणून खिशातून अंगठी काढताना बोटाला काय चिकटलंय ते तुम्ही बघितलं नाहीत. बघितलं असतं तरी तुम्हाला त्यात वावगं वाटलं नसतं. शर्मिष्ठा, कपाट उघड. साहेब, कोट तुम्ही काढा. उजवा खिसा."

अधिकाऱ्याने कोट काढला आणि खिसा उलटा केला. आधी हिरव्या खणाचा तुकडा आला. मग सुपारी आली. मग लाल तांदूळ गालिच्यावर सांडत राहिले, थांबतील तेव्हा थांबले.

"म्हणजे माझ्या कोटातून कुणीतरी काढली," धुरी म्हणाले. ते घाईने शर्मिष्ठाकडे वळले. "हिने. कोट हिच्याकडे होता."

"म्हणजे बेसिन संपलं," बाई म्हणाल्या. "आता अंगठी कोटात होती. चांगलं. पण कोट शर्मिष्ठाच्या हातात गेला आणि ती वळायच्या आत तुम्ही ओरडलात. पिशवी त्याआधीच कोपऱ्यात गेली होती, आणि त्याआधी कोट तुमच्या अंगावरून हलला नव्हता. झोपायच्या पायजम्यावर माणूस कोट का घालून बसतो, ते मला सकाळी कळलं नाही. पायजम्याला खिसा नाही, एवढंच कारण होतं. अंगठी कुठेतरी ठेवायला हवी होती ना, सर बाथरूमला जाईपर्यंत."

अधिकारी धुऱ्यांकडे बघू लागला. धुरी खिडकीकडे बघू लागले. टाकीवरचा कावळा अजून तिथेच होता.

६

"गंमत होती," धुरी थोड्या वेळाने म्हणाले. "जरा खेचायची होती काकांची. मिळाली ना अंगठी? विषय संपला. माझी तक्रार नाही."

"त्यांची असू शकते," अधिकारी म्हणाला, आणि मोऱ्यांकडे वळला. "खोटा आळ घेतला म्हणून तुम्ही तक्रार देऊ शकता. पण मग जबाबाला खाली उतरावं लागेल. विमान थांबणार नाही."

धुरी ताबडतोब सावरले. अशा ठिकाणी ते नेहमीच सावरत. "द्या की," ते म्हणाले. "उतरा. बघा काय ते. मी पोचल्यावर टोकियोहून तुमची विचारपूस करतो."

संघमित्राबाईंच्या हातातलं दुपटं चुरगळलं. असे दावे त्यांनी पाहिले होते, खोटे म्हणून सिद्ध झालेले आणि तरी वसूल झालेले. रश्मी परवा सकाळी त्या दाराकडे बघणार होती.

"त्या कशाला उतरतील?" मागून आवाज आला. "मी उतरते."

पडदा बाजूला झाला होता. जान्हवीबाई उभ्या होत्या, पायात चपला, हातात चिमुकली पर्स.

"ओटी माझी, कोटात ठेवली मी, साक्ष माझी. लिहून घ्या. आणि आणखी एक लिहा. घाटकोपरच्या सुहासिनीताईच्या पिठाच्या डब्यात माझी सोन्याची चेन सापडली होती. ती चेन माझ्या कपाटातून कुणी काढली हे मला आज कळलं. तिने रात्रीत खोली सोडली. नितेश, तुला ठाऊक होतं ना?"

नितेश पडद्याची कड धरून उभा होता. "काकी, मी फक्त डबा कुठे असतो ते विचारून आलो होतो," तो म्हणाला, आणि त्याला रडू आलं.

"जानू, बस खाली," धुरी म्हणाले.

"नाही," जान्हवीबाई म्हणाल्या. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. धुऱ्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की हा शब्द घरचा म्हणून त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

साक्षीदार उतरली म्हणजे ज्याच्याविरुद्ध साक्ष तोही उतरणार. अधिकाऱ्याने कोट पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातला. धुऱ्यांचे स्वतःचे कपडे कुठल्याशा बॅगेत होते, आणि ती बॅग शोधायला वेळ नव्हता. तांत्रिक कारण. त्यामुळे चंद्रप्रकाश धुरी फर्स्ट क्लासच्या राखाडी पायजम्यात आणि कापडी सपातांत, भर दुपारी, शिडीवरून अंधेरीत उतरले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. खिसा नव्हता.

त्यांच्या बॅगा विमानाच्या पोटातून काढण्यात आणखी वेळ गेला. ग्रुपवर विचारणा आली. मोरेसरांनी उत्तर लिहिलं, "अंधेरी."

अखेर विमान धावलं, उचललं गेलं, आणि निळ्या ताडपत्र्या खाली सरकल्या. सरांनी बायकोच्या दाराशी येऊन पाहिलं. ती ओल्या टॉवेलने दुपट्यावरचे डाग घासत होती. डाग जात नव्हते, फिकट होऊन पसरत होते.

"मित्रा, झालं ना सगळं? अजून कसला राग?"

"त्याचा राग नाही." त्यांनी टॉवेल आपटला. "अहो, तुम्ही चोर नाही हे सिद्ध करायला मला त्याला सांगावं लागलं, आपण कुठले. नोकरीत तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. लाज होती म्हणून नाही. विचारणाऱ्याची लायकी नव्हती म्हणून. आणि आज त्या पायजम्याला सांगितलं. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं त्याला उत्तर मिळालंच की नाही?"

सर स्टुलावर बसले आणि त्यांनी दुपट्याचं दुसरं टोक धरलं.

शर्मिष्ठा जेवणाचं विचारायला आली होती. ती दाराशीच थांबली. तिच्या कोटावरच्या बिल्ल्यावर नुसतं 'शर्मिष्ठा' लिहिलेलं होतं, पुढे काही नाही.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "पॅसेंजर मलाही विचारतात. पूर्ण नाव काय, कुठले तुम्ही." ती क्षणभर थांबली. "मी सांगते, जोगेश्वरीचे."

संघमित्राबाईंनी वर पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बिल्ल्याकडे पाहिलं, आणि पुढे काहीही विचारलं नाही. नवऱ्याला त्यांनी हाताने जरा सरकायला सांगितलं.

"ये," त्या म्हणाल्या, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा उघडला. "बस इथे."